वाचकांचे प्रश्न : अवकाशात नजर का डगमगते?

अवकाशातील वास्तव्याचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयावर आलेल्या पत्रांत डोळ्यांविषयीचे प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांपैकी डोळ्यांच्या हालचालींशी संबंधित प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : अंतराळातून परतलेल्यांची दृष्टी अधू होते असे वाचनात येते. त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली बिघडतात असेही वाचले. हा एकच विकार आहे की दोन निरनिराळे?

उत्तर : दोन निरनिराळे. त्यांची गल्लत वारंवार होते, म्हणून आधी तीच दूर करू. काही महिने वजनरहित अवस्थेत राहिलेल्या अनेक अंतराळवीरांमध्ये, दृष्टिचेता नेत्रगोलाला जिथे मिळते त्या जागी सूज आढळते. नेत्रगोल मागच्या बाजूने किंचित चपटा होतो आणि त्यामुळे जवळची अक्षरे अंधूक दिसू लागतात. 7 अंतराळवीरांच्या तपासण्यांवर आधारलेला याविषयीचा शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून या विकाराकडे फार गांभीर्याने पाहिले जाते. हा बदल डोळ्याच्या रचनेतला असून तो हळूहळू होतो.

हालचालींचे तसे नाही. तिथे नेत्रगोल धडधाकट असतो, त्याला फिरवणारे सहाही स्नायू धडधाकट असतात, चष्म्याचा नंबरही तोच असतो. तरीही उड्डाणाच्या पहिल्या दिवसांतच नजर हवी तिथे, हव्या त्या क्षणी आणि हवी तेवढी स्थिर राहीनाशी होते. याचे मूळ डोळ्यात नाही. ते कानात आणि मेंदूत आहे, आणि पुढील सर्व उत्तरे त्याविषयीच आहेत.

प्रश्न : डोळे फिरवण्याचे काम स्नायू करतात. गुरुत्वाकर्षण जाणवेनासे झाले तर स्नायूंवरचा भार कमीच होईल. मग बिघडते काय?

उत्तर : नेत्रगोल खोबणीतल्या मऊ आधारावर स्वतःच्या मध्याभोवती फिरतो, त्यामुळे जमिनीवरदेखील डोळ्याच्या स्नायूंना वजन असे फारसे पेलावे लागत नाही. बिघाड होतो तो स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञेत. ही आज्ञा कुठून येते हे समजण्यासाठी वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. हा मजकूर ज्यावर वाचत आहात ते पान किंवा पडदा डोळ्यांसमोर धरून डावी-उजवीकडे झपाट्याने हलवा. अक्षरे पुसट होतील. आता पान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच झपाट्याने डोके हलवा. अक्षरे वाचता येतील. दोन्ही वेळा पान आणि डोके यांची परस्परसापेक्ष हालचाल सारखीच आहे. तरीही अनुभव इतका वेगळा येतो, याचे कारण असे की पहिल्या प्रसंगी डोळ्यांना दिसलेल्या प्रतिमेवर विसंबून पानाचा पाठलाग करावा लागतो आणि त्या प्रतिसादाला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागतो. दुसऱ्या प्रसंगी मात्र डोके हलल्याची वर्दी आंतरकर्णातून येते आणि डोळे सुमारे 10 मिलिसेकंदांत डोक्याच्या विरुद्ध दिशेला तेवढेच वळतात. चालताना, धावताना, हादरे बसत असताना समोरचे जग स्थिर दिसते ते या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. ती इतकी निमूटपणे चालते की तिचे अस्तित्व बहुतेकांना आयुष्यभर जाणवत नाही.

आंतरकर्णात यासाठी दोन प्रकारची इंद्रिये आहेत. प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. या कामात गुरुत्वाकर्षणाचा जवळजवळ संबंध नाही. दुसरे इंद्रिय म्हणजे दोन लहान पिशव्या. त्यांच्या आतील अस्तरावर एका चिकट थरात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण रुतलेले असतात. डोके कलले की हे कण गुरुत्वाकर्षणाने खाली ओढले जातात आणि त्यांच्याखालच्या पेशींचे केस वाकतात. अडचण अशी की आपण सरळ रेषेत वेग घेतला तरी हेच कण मागे रेटले जातात आणि तेच केस वाकतात. म्हणजे ‘डोके मागे झुकले’ आणि ‘शरीर पुढे झेपावले’ या दोन घटनांसाठी या इंद्रियाकडे संदेश एकच आहे. त्यांतला फरक मेंदू नलिकांच्या, डोळ्यांच्या, मानेच्या आणि तळपायांच्या संदेशांशी ताडून ठरवतो आणि जन्मापासूनच्या सरावाने तो सहसा चुकत नाही.

आता अवकाशस्थानकाचा विचार करू. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण नाहीसे झालेले नसते. ते जमिनीवरच्या तुलनेत सुमारे 90 टक्के असतेच. परंतु स्थानक, त्यातली माणसे आणि त्यांच्या कानांतले कण हे सारे एकत्रच पृथ्वीकडे पडत असतात, त्यामुळे कण पेशींवर दाबले जात नाहीत. अंतराळवीराने डोके खांद्याकडे झुकवले की नलिका सांगतात, ‘डोके वळले’. कण मात्र काहीच सांगत नाहीत. कलण्याची खूण म्हणून जो संदेश मेंदू आजवर प्रमाण मानत आला, तो अचानक बंद होतो, आणि डोळ्यांना द्यायच्या आज्ञा त्याच संदेशावर अंशतः अवलंबून असतात.

प्रश्न : मग नेमक्या कोणत्या हालचाली बदलतात? सर्वच का?

उत्तर : सर्वच नाही. हा फरक फार बोलका आहे. नकारार्थी मान हलवताना डोके डावी-उजवीकडे वळते, तेव्हा नलिकांचेच काम मुख्य असते. या दिशेतील डोळ्यांची भरपाई अवकाशातही बरीचशी पूर्वीसारखीच राहते. होकारार्थी मान हलवताना किंवा डोके खांद्याकडे झुकवताना जमिनीवर कणांचाही वाटा असतो, आणि बदल प्रामुख्याने तिथेच दिसतात.

वर-खाली पाहण्याच्या बाबतीत तर एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. डोळ्यांपुढून पट्टे सरकत गेले की डोळे त्यांच्यामागे जातात, झटक्याने परत येतात आणि पुन्हा मागे जातात. जमिनीवर पट्टे वर सरकत असतील तर हा प्रतिसाद अधिक चांगला असतो आणि खाली सरकत असतील तर तुलनेने दुबळा. जून 1985 मध्ये डिस्कव्हरी यानातून गेलेल्या फ्रेंच अंतराळवीर पॅट्रिक बॉद्री यांच्या मोहिमेत हा प्रतिसाद तपासला गेला, तेव्हा हा फरक उलटा झाल्याचे आढळले. आपल्या नजरेला ‘वर’ आणि ‘खाली’ या दिशा सारख्या नाहीत, आणि त्या सारख्या नसण्यात गुरुत्वाकर्षणाचा हात आहे, हे त्यातून दिसले.

हलत्या वस्तूमागे नजर सुरळीत नेण्याची क्षमताही उणावते. मॉस्कोतील जैववैद्यकीय समस्या संस्थेच्या ल्युदमिला कॉर्निलोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रशियन अंतराळवीरांवर वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींनुसार, वस्तू पुढे जाते, नजर मागे पडते आणि मग लहान लहान उड्या घेत तिला गाठते. यात पाठलाग करणाऱ्या डोळ्यासमोर एकच ठिपका असतो आणि डोके स्थिर असते, म्हणजे कानाचा थेट संबंध नाही. तरीही ही हालचाल बिघडते, याचा अर्थ मेंदूतील ज्या भागांत तोलाचे आणि नजरेचे संदेश एकत्र येतात तिथेच फेरजुळणी चाललेली असते, असे मानायला आधार आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुतांश अंतराळवीरांना मळमळ आणि भोवळ यांचा त्रास होतो, तोही याच विसंगतीचा भाग आहे. ऑगस्ट 1961 मध्ये व्होस्टोक-2 यानातून एक दिवसाहून अधिक काळ पृथ्वीप्रदक्षिणा करणारे गेर्मान तितोव्ह हे हा त्रास अनुभवणारे पहिले मानव. डोके हलवले की त्रास वाढतो आणि स्थिर ठेवले की कमी होतो, हे त्यांच्याच लक्षात आले होते. आजही नवे अंतराळवीर सुरुवातीला मान जपून वळवतात, आणि जे तसे करत नाहीत त्यांना शरीर लवकरच तसे करायला लावते.

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी आहे. कानात गरम आणि गार पाणी सोडून तोलाची तपासणी करण्याची पद्धत आम्हाला शिकवतात. अवकाशात केलेल्या एका प्रयोगाने या तपासणीमागचे नोबेलविजेते स्पष्टीकरण खोटे ठरवले असे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : ‘खोटे ठरवले’ हे म्हणणे टोकाचे आहे; ‘अपुरे ठरवले’ हे योग्य. हा प्रयोग मला या संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातील कानाच्या दवाखान्यात रॉबर्ट बारानी हे तरुण डॉक्टर काम करीत होते. रुग्णांचे कान पाण्याने धुताना काहींना भोवळ येते आणि त्यांचे डोळे एका बाजूला संथपणे सरकून दुसऱ्या बाजूला हिसका घेतात, हे त्यांनी पाहिले. पाणी पुरेसे कोमट नसले की असे होते, असे एका रुग्णाने सांगितल्यावर त्यांनी पाणी अधिक गरम करून पाहिले. तेव्हाही डोळ्यांना हिसके बसले, पण उलट दिशेने. यावरून बारानी यांनी तर्क केला की कानाजवळच्या नलिकेतील द्रव एका बाजूने तापतो किंवा थंड होतो, तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो, थंड द्रव खाली बसतो, आणि या प्रवाहामुळे डोके वळत असल्याचा खोटा संदेश मेंदूकडे जातो. डोक्याची स्थिती उलटी केली की हिसक्यांची दिशाही उलटते, हा त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा होता. या कामासाठी त्यांना 1914 सालचा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार जाहीर झाला. त्या वेळी ते रशियात युद्धकैदी होते. तपासणी मात्र जगभर रूढ झाली आणि आजही ती प्रत्येक कानाचे काम स्वतंत्रपणे जोखण्यासाठी केली जाते.

तापलेला द्रव वर चढतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. जिथे वर आणि खाली नाही, तिथे असा प्रवाह निर्माण होण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे बारानी यांचे स्पष्टीकरण पूर्ण असेल, तर वजनरहित अवस्थेत कान तापवून किंवा थंड करून डोळ्यांना हिसके बसता कामा नयेत. 28 नोव्हेंबर ते 8 डिसेंबर 1983 या काळात कोलंबिया यानातून गेलेल्या स्पेसलॅब-1 या प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष तपासले गेले. पाण्याऐवजी कानात गरम आणि गार हवा सोडण्यात आली, डोळ्यांच्या हालचाली नोंदवण्यात आल्या, आणि हिसके आले. त्यांची दिशाही जमिनीवरच्या तपासणीत असते तीच होती.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र बेताने मांडायला हवा. जमिनीवर डोके उलटे केल्यावर हिसक्यांची दिशा उलटते ही वस्तुस्थिती अवकाशातील निकालाने पुसली जात नाही. तिथे द्रवाच्या प्रवाहाचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या जोडीला गुरुत्वाकर्षणाशी संबंध नसलेली दुसरी एखादी क्रियाही काम करते, हे स्पेसलॅबने सिद्ध केले. ती क्रिया म्हणजे तापमानाचा चेतातंतूंवर किंवा संवेदी पेशींवर होणारा थेट परिणाम असावा किंवा द्रवाचे प्रसरण असावे, असे दोन पर्याय मांडले गेले. आणखी एक गोष्ट यात चपखल बसते: जमिनीवर उताणे झोपवून केलेल्या तपासणीत हिसके जोरकस असतात, पालथे झोपवल्यावर ते उलट दिशेचे पण क्षीण असतात. दोन क्रिया एका स्थितीत एकमेकींना साथ देत असतील आणि दुसऱ्या स्थितीत एकमेकींच्या विरुद्ध जात असतील, तर नेमके असेच व्हायला हवे. आपल्याला शिकवली जाणारी तपासणी आणि तिचा अर्थ लावण्याची पद्धत या निकालाने बदलत नाही. बदलते ते त्यामागचे स्पष्टीकरण.

प्रश्न : अंतराळवीर परत उतरल्यावर त्यांना उचलून बाहेर काढतात. त्या वेळी त्यांच्या नजरेची अवस्था काय असते, आणि ती पूर्ववत व्हायला किती काळ लागतो?

उत्तर : उचलून काढण्यामागे रक्तदाब, स्नायू आणि तोल अशी अनेक कारणे असतात, नजर हे त्यांतले एक. अवकाशात मेंदू कणांच्या संदेशाचा नवा अर्थ लावायला शिकलेला असतो, किंवा त्या संदेशाला कमी महत्त्व द्यायला शिकलेला असतो. जमिनीवर येताच कण पुन्हा पूर्ण जोराने दाबले जातात. डोके किंचित झुकवले तरी आपण बाजूला घसरत गेलो असा भास होतो, समोरचे दृश्य डोक्याबरोबर हलल्यासारखे वाटते. उभे राहून भिंतीवरची अक्षरे नीट वाचणारा अंतराळवीर चालत्या पट्ट्यावर चालताना तीच अक्षरे वाचू शकत नाही, हे दीर्घ मोहिमांवरून परतलेल्यांच्या चाचण्यांत दिसून आले आहे. पावलागणिक डोक्याला बसणारा हिसका डोळे पूर्वीसारखा भरून काढत नाहीत. साधारण आठवडाभरात ही क्षमता बरीचशी सुधारते, तरी व्यक्तीव्यक्तींत मोठा फरक असतो. स्पेस शटलच्या काळात ही बाब केवळ वैद्यकीय नव्हती, कारण वैमानिकाला त्याच अवस्थेत, उपकरणे आणि धावपट्टी यांच्यामध्ये नजर फिरवत, ताशी सुमारे 350 किलोमीटर वेगाने यान हाताने उतरवावे लागे.

मोजमापाला सर्वांत सोयीची ठरलेली हालचाल मात्र अगदी लहान आहे. आरशासमोर उभे राहून डोके खांद्याकडे झुकवले आणि बुबुळावरच्या रेषांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर डोळा डोक्याबरोबर पूर्ण कलत नाही, उलट दिशेला किंचित फिरतो, हे दिसू शकते. हे फिरणे फार तर 5 ते 10 अंशांचे असते आणि ते मुख्यतः कणांच्या संदेशावर चालते. म्हणून ते किती होते हे मोजले की त्या इंद्रियाचे काम कसे चालले आहे हे कळते.

1998 मध्ये न्यूरोलॅब या 16 दिवसांच्या मोहिमेत चार अंतराळवीरांना फिरत्या खुर्चीवर बसवून कृत्रिम गुरुत्वाकर्षण देण्यात आले. खुर्ची मध्यापासून अर्ध्या मीटरवर होती. मिनिटाला सुमारे 42 फेरे घेतल्यावर पृथ्वीवरच्या वजनाइतका रेटा बाजूने बसत असे. त्याआधी एक कल्पना बरीच मान्य होती, की अवकाशात मेंदू कणांचा प्रत्येक संदेश ‘सरळ रेषेतील हालचाल’ असाच वाचू लागतो. तसे असते, तर खुर्चीवरील अंतराळवीरांना आपण बाजूला वेगाने सरकत आहोत असे वाटायला हवे होते. त्यांना तसे वाटले नाही. कुशीवर कलल्यासारखे वाटले. त्यांच्या डोळ्यांचे उलटे फिरणेही जवळपास पूर्वीइतकेच राहिले, आणि परतल्यावरही ते घटले नव्हते. मोहिमेत मधूनमधून मिळालेल्या कृत्रिम गुरुत्वाकर्षणामुळेच ही क्रिया टिकून राहिली असावी, असे संशोधकांनी सुचवले.

पुढे याच मोहिमेसाठी तयार झालेल्या प्रकारच्या खुर्चीवर, अवकाशस्थानकात सुमारे सहा महिने राहून आलेल्या 25 अंतराळवीरांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. परतल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत डोळ्यांचे उलटे फिरणे स्पष्टपणे घटलेले होते आणि सुमारे 9 दिवसांनी ते पूर्ववत झाले. या क्षेत्रात चार-पाच जणांवरून निष्कर्ष काढण्याची वेळ नेहमीच येते, त्यामुळे 25 जणांची ही तपासणी मला अधिक वजनाची वाटते. दोन्ही निकाल परस्परविरोधी दिसत असले तरी एका मोहिमेत कृत्रिम गुरुत्वाकर्षण होते, दुसऱ्यांत नव्हते. एक पंधरवड्याची होती, दुसऱ्या सहा महिन्यांच्या. मंगळाकडे जाण्याची तयारी करणाऱ्यांनी या फरकाचा विचार अवश्य करावा, कारण तिथे उतरल्यावर हात देऊन बाहेर काढणारे कोणी नसेल आणि नजर स्थिरावण्यासाठी दिवसांची सवडही मिळणार नाही.

प्रश्न : शुभांशु शुक्ला यांनी अवकाशस्थानकात संगणकाच्या पडद्याविषयी एक प्रयोग केला असे वाचले. पडद्याचा आणि डोळ्यांच्या हालचालींचा काय संबंध?

उत्तर : थेट संबंध आहे. जून-जुलै 2025 मधील ॲक्सिऑम-4 मोहिमेतील हा प्रयोग होता. वजनरहित अवस्थेत पडद्यावरच्या खुणेकडे बोट नेणे, नजर एका जागी रोखून धरणे आणि ती एका खुणेवरून दुसरीवर झटकन नेणे यांत काय फरक पडतो, आणि त्याचा ताण काम करणाऱ्याला किती जाणवतो, हे त्यात पाहायचे होते. आधुनिक यानांत पूर्वीच्या बटणांची आणि तबकड्यांची जागा स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांनी घेतली आहे. बटण बोटाला चाचपता येते. पडद्यावरची खूण मात्र डोळ्यांनीच शोधावी लागते. नजर एका झेपेत नेमकी पोहोचली नाही आणि दुसरी लहान झेप घ्यावी लागली, तर एरवी कोणाचे लक्षही जाणार नाही. आणीबाणीच्या क्षणी मात्र तेवढ्यानेही फरक पडू शकतो. म्हणून खुणांचा आकार आणि त्यांच्यातील अंतर ठरवताना जमिनीवरचे माप तसेच वापरणे योग्य नाही, असे मला वाटते.

प्रश्न : या संशोधनाचा अवकाशात न जाणाऱ्यांना काही उपयोग आहे का?

उत्तर : एक उपयोग ठळकपणे सांगता येईल. डोळ्यांची आडवी, उभी आणि स्वतःभोवती फिरण्याची अशा तिन्ही हालचाली एकाच वेळी टिपणारे कॅमेऱ्याचे उपकरण जर्मनीत विकसित झाले आणि 2004 पासून काही वर्षे अंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात वापरले गेले. हेच तंत्र चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केल्या जाणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेत कामी आले. रुग्णाने एका ठिपक्याकडे टक लावली तरी डोळा पूर्णपणे स्थिर कधीच राहत नाही. आणि बसलेल्या स्थितीत मोजलेला डोळा आडवे झोपल्यावर स्वतःभोवती थोडा फिरलेला असू शकतो, जे विशेषतः तिरकस नंबर असलेल्यांच्या बाबतीत महत्त्वाचे ठरते. कॅमेरा ही हालचाल सतत मोजतो, लेसरचा झोत त्यानुसार सरकवला जातो, आणि डोळा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर झोत थांबवला जातो.